डावं पायताण

पहिल्यांदा आप्पांनी चामड्यालाच दोष दिला.
उजवं उजव्या कानाशी, डावं डाव्या कानाशी
धरून दुमडायची त्यांची जुनी खोड.
उजवं कर्र म्हणालं. डावं मुकं.
"कातडं न्हाई नीट पिकलं," म्हणाले
आणि शिवण उसवली.

दोन थरांच्या मधे विंचू बसवतात आमच्यात,
खरा नव्हे, आवाजाचा.
तो नीट बसला की माणूस गल्लीत वळायच्या आधी
घरात कळतं कोण येतंय.
सुभाषनगरात आप्पांचा विंचू कधी चुकला नव्हता.
त्या आठवड्यात एकच जोड तीनदा उसवला,
चौथ्यांदा माझ्या पायात घातला. चाल, म्हणाले.
मी चालले. दोन्ही वाजत होती.
तसं सांगितलं, तर रापी खाली ठेवून
माझ्या पायांकडे बघत राहिले,
जणू पायच खोटं बोलतायत.

दोन वर्षांपूर्वी नाकामागं निघालं होतं,
पडजिभेच्याही वर, जिथं आरसा घातल्याशिवाय
कुणाला कुणाचं दिसत नाही.
तेहेतीस लाइटी दिल्या.
जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबली,
गार होईस्तोवर धरून ठेवली,
तेव्हा आप्पांनी टेबलावरनंच मला बोटानं खूण केली:
फर्मा बेस बसवलाय.
नंतर चामड्याचा वास गेला, लाळ गेली,
भाकरी आमटीत बुडवल्याबिगर उतरेना.
पण फोटो स्वच्छ आला, आणि आईनं
जोतिबाला गुलाल-खोबरं उधळलं.

म्हणून कान वाहायला लागला तेव्हा
कान फुटलाय, एवढंच वाटलं सगळ्यांना.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं थेंब दिले. मग दुसरे थेंब.
अभ्र्यावरचे तांबूस डाग
आई कुणी उठायच्या आत धुवायची.
सीपीआरमध्ये डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा धरला
आणि बोलता बोलता थांबल्या.
तुकडा काढला. नवव्या दिवशी कागद आला:
सिद्राम लगमाण्णा व्हटकर, वय ६१, डावा कान.
पेशी त्याच, नाकामागच्या.

त्याच कागदाच्या पाठीवर बाईंनी चित्र काढलं.
हे नाक, हा कान, मधे एक बारकी नळी,
सर्दीत दडे बसतात ती.
"या वाटेनं सहसा जात नाही," म्हणाल्या.
आप्पांनी उजवा कान पुढं केला, पुन्हा ऐकलं.
"वाट हाय म्हटल्यावर कोण ना कोण चालणारच की."
मग बराच वेळ गप्प.
मग, बाईंना नव्हे, स्वतःलाच:
"एवढं चालत आलं,
आनि मला वाजलं न्हाई."

सहसा, सहसा, करत मी बसमध्ये बसले होते.
आप्पा मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलेले.
बाईंनी ती दोन बोटांची लोखंडी पट्टी
आपटून त्यांच्या कपाळाच्या मधोमध टेकवली होती.
कुठं ऐकू येतंय, बाबा?
डावीकडं.
मला वाटलं, चुकले. बाई म्हणाल्या, बरोबर आहे,
दार बंद आहे, पण हाडातून पोचतंय.

सोमवारपासून औषध चढवायचंय,
बाटल्यांची चिठ्ठी देव्हाऱ्यात आहे.
आणि आप्पा दुकानाच्या उंबऱ्याशी बसून
नव्या पायताणाची टाच कपाळाला टेकवतात,
डोळे मिटतात, हळूच दुमडतात.
"डोस्क्याला लावू नगा हो, कोण बघंल," आई म्हणते.
"बघू दे."
गडहिंग्लजचं गिऱ्हाईक दारात उभं,
कुठं बघावं ते न कळून
स्वतःच्या पायांकडे बघणारं.
"कधी मिळंल, मामा?"

आप्पा त्याच्या ओठांकडे बघतात, समजून घेतात.
पायताणालाही कान असतात आमच्याकडे,
दोन्ही अंगांना, पायाला धरून ठेवणारे.
"डावं वाजतंय," म्हणतात.
"उजव्याचा एक कान शिवायचा ऱ्हायलाय."